टेपमध्ये गुंडाळलेली वायर

सुरूर फाट्याच्या अलीकडे चहाची टपरी. मे महिना, दुपारी दीडचा सुमार. बहिणीची तीन वर्षांची मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. रिमोट दाबून गाडी उघडली, मागच्या दाराने तिला सीटवर आडवी केली, पर्स तिच्या पायाशी टाकली आणि जाग येऊ नये म्हणून दार हळूच लोटलं. किल्ली आणि रिमोट पर्समध्येच होते. टपरीवाल्याकडून सुटे पैसे घ्यायचे राहिले होते, तेवढ्यासाठी चार पावलं गेले. मागून आवाज आला, खट्. चारही दारं एकदम. इंडिकेटर एकदा लुकलुकले. गाडी आता सुरक्षित आहे, असं गाडीनेच मला कळवलं.

बहीण काचेवर थापा मारायला लागली. त्या हादऱ्याने सायरन सुरू झाला, कारण काचेवर थाप पडली की ओरडायचं हेच त्या अलार्मचं काम. पोर दचकून उठली आणि रडायला लागली. तिला आम्ही दिसत होतो, आमचं बोलणं मात्र त्या कोकलण्यात ऐकू जात नव्हतं. दाराची खुंटी वर ओढ, असं आम्ही हातवाऱ्यांनी सांगत होतो. तीन वर्षांच्या मुलीला ते कळणार कसं, आणि कळलं तरी त्या बोटांत जोर कुठला?

उन्हात उभ्या बंद गाडीचं काय होतं, यावर २००५ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढतं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असं त्यात मोजलेलं आहे. काच बोटभर खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. हे मी नंतर वाचलं, ते बरंच झालं.

एका ट्रकचा क्लीनर धावत आला. त्याच्या हातात खोक्यांना बांधतात ती प्लास्टिकची पट्टी होती. ती दुमडून त्याने ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून रबराच्या आत सरकवली, आत गेल्यावर तिचा फासा केला, तो खुंटीच्या डोक्यात अडकवला आणि ओढला. खट्खट्. एक खुंटी वर आली तशा बाकीच्या तिन्ही आल्या. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं गेली असतील. क्लीनरने पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, “असलं लॉक बसवू नका, ताई.”

मी मात्र अडून बसले. लॉक नको हा उपाय मला पटेना. गाडी २००३ सालची, कंपनीने तिला सेंट्रल लॉक दिलेलंच नव्हतं. वर्षभरापूर्वी एका ॲक्सेसरीजच्या दुकानात सीट कव्हर घेताना ‘रिमोट, अलार्म, सेंट्रल लॉक, सगळं दोन तासांत’ असं ऐकलं आणि बसवून घेतलं. मग दोष लॉकचा, की त्या दोन तासांचा?

पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांच्या ओळी आहेत. त्यांच्या मागच्या एका बोळात एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं, बॅटरी चार्जर आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या वायरींची भेंडोळी. त्यांनी माझी सुरूरची हकीकत पूर्ण ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “रिमोट दाबल्यापासून लॉक पडेपर्यंत किती वेळ गेला?”

“अर्धा मिनिट असेल.”

“तीसच सेकंद,” ते म्हणाले, आणि स्टिअरिंगखालचं पॅनेल उघडायला आडवे झाले.

दोनच मिनिटांत त्यांनी काळ्या टेपने घट्ट गुंडाळलेलं एका वायरीचं टोक बाहेर ओढलं. ती कुठेच जोडलेली नव्हती. नीटनेटकी गुंडाळून डॅशबोर्डमागे खोचून दिलेली होती.

तिचं काम असं. अशा बहुतेक अलार्ममध्ये एक सोय असते. तुम्ही रिमोटने गाडी उघडलीत आणि तीस सेकंदांत एकही दार उघडलं नाही, तर बटण खिशात चुकून दाबलं गेलं असावं असं युनिट धरून चालतं आणि पुन्हा लॉक टाकतं. सोय चांगली आहे, पण दार उघडलं की नाही हे युनिटला कळायला हवं. ते कळवणारी वायर हीच. ती दाराच्या स्विचला जोडायची असते, म्हणजे दार उघडल्यावर छतातला दिवा लावणाऱ्या त्या छोट्या बटणाला. दार उघडलं की तो स्विच वायरीला अर्थ देतो, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी, मायनसशी जोडतो, आणि अर्थ मिळाला की युनिट समजतं, कोणीतरी आत आलं. आमच्या युनिटला वर्षभरात एकाही दाराची खबर मिळालेली नव्हती. त्याच्या लेखी त्या दुपारी गाडीत कोणी शिरलंच नव्हतं.

मग वर्षभर हे घडलं कसं नाही? मिस्त्री हसले. “तुम्ही रोज उघडून आत बसता, किल्ली लावता. इग्निशन आलं की ते पुन्हा लॉक टाकायचं विसरतं.” म्हणजे चूक रोज हजर होती. तिला फक्त किल्ली आत, माणूस बाहेर आणि इंजिन बंद असा योग हवा होता.

ती वायर का सोडली असेल? कारण तिच्यासाठी दाराच्या खांबाजवळचं प्लास्टिक काढावं लागतं, आणि तिच्यावाचूनही दुकानाच्या दारात सगळं व्यवस्थित चालतं. रिमोट दाबला की खट्, पुन्हा दाबला की खट्, सायरन वाजतो, गिऱ्हाईक खूश. या धंद्यात वाजणाऱ्या वस्तूचे पैसे मिळतात, गप्प बसणाऱ्या वायरीचे मिळत नाहीत.

मिस्त्रींनी आधीचं सगळं काम उकलायचं ठरवलं. मला म्हणाले, संध्याकाळी या. मी गेलेच नाही. बाकड्यावर बसून राहिले आणि जे पाहिलं ते इथे लिहिते आहे.

आधी दाराचं पॅड निघालं. काच फिरवायच्या हँडलमागची क्लिप त्यांनी फडक्याच्या दोन झटक्यांत उडवली. पॅडमागे पातळ प्लास्टिकचा कागद होता, आमच्या गाडीत तो फाडून तसाच सोडलेला. मला वाटायचं गाडीचं दार आतून कोरडं असतं. ते कोरडं नसतं. काचेच्या रबरातून पाऊस आत झिरपतो, पत्र्यावरून खाली येतो आणि दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जातो. तशीच रचना आहे. तो कागद पाणी पॅडकडे येऊ देत नाही. कागद फाटला की पॅड कुजतं आणि आतली मोटर ओली होते.

ही मोटर म्हणजे बाजारातली ‘गन’. दिसायला खेळण्यातल्या पिस्तुलासारखीच, काळं प्लास्टिक आणि पुढे नळीतून आत-बाहेर होणारा दांडा. आत बारा व्होल्टची छोटी मोटर आणि प्लास्टिकचे दाते. दांडा जेमतेम दोन सेंटिमीटर सरकतो, तेवढ्याने खुंटीची सळई वर-खाली होते. प्लस-मायनस एका दिशेने दिले की दांडा ओढतो, उलटे दिले की ढकलतो. सगळी जादू एवढीच. तीन दारांच्या गनला दोन-दोन वायरी, निळी आणि हिरवी. ड्रायव्हरच्या दारातल्या गनला पाच, कारण तिच्यात एक स्विचही असतो. खुंटी हाताने हलली की तो मुख्य युनिटला सांगतो आणि युनिट बाकीच्यांना हलवतं. क्लीनरने एक खुंटी ओढल्यावर चारही दारं उघडली ती यामुळे. त्याने नेमकं तेच दार निवडलं हे आमचं नशीब. मागच्या दाराला पट्टी घातली असती तर तेवढंच उघडलं असतं.

गन बसवायची जागा शोधण्यात मिस्त्रींनी अर्धा तास घालवला. काच पूर्ण खाली घेतली, हात आत घालून ती कुठवर येते ते चाचपलं, खडूने खूण केली, मगच भोक पाडलं. आधीच्या माणसाने स्क्रू अशा जागी मारला होता की काच शेवटची दोन बोटं खाली जातच नव्हती. काच जुनी झाली म्हणून असेल, असं मी इतके दिवस समजत होते. सळई आणि दांडा एका रेषेत हवेत, यावर त्यांचा फार कटाक्ष. तिरके बसले तर मोटर जोर लावते आणि सळई खोळंबते. मग हाताने खुंटी ओढायलाही ताकद लागते. त्यांनी वायर जोडायच्या आधी बोटाच्या टोकाने खुंटी दहा वेळा वर-खाली केली. मग मला करायला लावली. “लहान पोराला जमलं पाहिजे,” म्हणाले. माझ्या तोंडून पुढे काही निघेना.

दारातून आत येणारी वायर बिजागरीजवळून जाते आणि दार उघडताना, लावताना दर वेळी वाकते. तिथे रबरी नळी हवी आणि वायरीला थोडी ढील हवी. ताणून बसवली तर वरचं वेष्टण शाबूत राहतं आणि आतली तांब्याची तार तुटते. वरून काहीच दिसत नाही. मग दार अर्धं उघडलं की लॉक चालतं, पूर्ण उघडलं की चालत नाही, आणि मालक महिनाभर रिमोटचे सेल बदलत बसतो. मिस्त्री म्हणाले, सेंट्रल लॉकची अर्धी तक्रार या चार इंचांत असते. आकडा मोजून दिलेला नाही, पण माझा त्यावर विश्वास आहे.

खरं डोकं लागतं ते पुढच्या कामाला, म्हणजे अलार्म आणि लॉक यांची सोयरीक जुळवायला. अलार्मच्या युनिटमधून लॉकसाठी सहा वायरी निघतात. आत दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच असतात, एक बंद करणारा आणि एक उघडणारा. प्रत्येकाला तीन टोकं. मधलं सामायिक, एक एरवी जोडलेलं, एक एरवी तुटलेलं. या सहांची जोडणी गाडीतलं लॉक कुठल्या जातीचं आहे यावर ठरते. काही गाड्यांत लॉकचं युनिट अर्थची टिचकी, म्हणजे क्षणभराचा संकेत मागतं. सामायिक टोकं अर्थला द्यायची, एरवी तुटलेली टोकं लॉकच्या युनिटला, आणि उरलेली दोन टेपून ठेवायची. ती मात्र खरोखरच टेपून ठेवायची असतात. काही गाड्या प्लसची टिचकी मागतात. तिसऱ्या जातीत मधलं युनिटच नसतं, गन थेट चालवायच्या असतात. तिथे निळी-हिरवी सामायिक टोकांना येते. एरवी दोन्ही अर्थला टेकलेल्या असतात, म्हणून मोटर गप्प. एक रिले उचलला की त्या बाजूला प्लस येतो, दुसरी बाजू अर्थलाच राहते, मोटर ओढते. दुसरा उचलला की उलटं.

रिलेच्या बुडाशी ३०, ८५, ८६, ८७, ८७ए असे आकडे असतात. हे जर्मन मानकाचे आकडे, डीआयएन ७२५५२. नाना पेठेतला हाताखालचा पोरगाही ते पाढ्यासारखे म्हणतो. मानक कुठलं ते त्याला माहीत नाही. ८७ए सोडलं तर उलटा करंट मिळणार नाही हे पक्कं माहीत आहे.

चुकीच्या जातीची जोडणी झाली तर काय होतं? कधी काहीच होत नाही. कधी फ्यूज उडतो. आणि ज्याने फ्यूजच घातलेला नाही त्याची वायर तापते. एक गन काही अँपिअर खेचते. चार एकदम चालल्या की क्षणभर पंधरा-वीसपर्यंत जातं. क्षणभरच, कारण टिचकी अर्ध्या-पाऊण सेकंदाची असते. पण खुंटी अडकली, रिले चिकटला, तर तो क्षण लांबतो. मिस्त्रींनी बॅटरीच्या प्लसवरून येणाऱ्या वायरीला, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, निळा पंधराचा फ्यूज घातला. आमच्या गाडीत आधी तिथे काय होतं? वायर सोलून दुसऱ्या वायरीवर गुंडाळलेली आणि वर टेप. त्या टेपचा डिंक उन्हाने पाघळून काळा चिकट लगदा झाला होता.

दाराचं लॉक विजेवर चालवण्याची हौस तशी जुनी आहे. अमेरिकेत पॅकार्डने १९५६ मध्ये ते दिलं. रेनो फ्युगो या फ्रेंच गाडीने १९८२ मध्ये रिमोट आणला; त्याचा जनक पॉल लिपशुट्झ, आणि फ्रान्समध्ये अशा रिमोटला ‘प्लिप’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून. रिमोटचा इतिहास मला इथे लांबवायचा नाही, पण दुकानदार सांगत नाहीत अशी एक गोष्ट सांगते. स्वस्त रिमोट दर वेळी तोच संकेत पाठवतो. शेजारी कोणी तो टिपून घेतला तर तोच परत वाजवून गाडी उघडता येते. चांगला रिमोट दर दाबाला संकेत बदलतो. यातली एक प्रसिद्ध पद्धत, कीलॉक, दक्षिण आफ्रिकेत जन्मली आणि जगभर पसरली. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी तीही फोडून दाखवली. २०१५ मध्ये सॅमी कामकर या अमेरिकन संशोधकाने साधारण बत्तीस डॉलरच्या सामानातून बदलते संकेतही चोरणारं यंत्र लोकांसमोर ठेवलं. तरीही बदलता संकेतच घ्यावा. सायरनचा आवाज किती डेसिबल हे विचारणारे पुष्कळ असतात, संकेत बदलतो का हे विचारणारं गिऱ्हाईक मिस्त्रींना क्वचितच भेटतं.

दुपारी एक नवीकोरी गाडी बोळात आली. मालकाला हॉर्नसारखा मोठा सायरन आणि जास्तीचा अलार्म हवा होता. मिस्त्रींनी हात जोडले. “साहेब, कंपनीत जा.” मालक चिडून गेला. नव्या गाड्यांत दाराचं बटण मोटरला थेट करंट देत नाही. ते एका संगणकाला निरोप देतं, तो दुसऱ्याला, आणि हे निरोप पीळ घातलेल्या दोन वायरींवरून धावतात. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली ही कॅन पद्धत. तिथे टेस्ट लॅम्प टोचणं म्हणजे दोघांच्या बोलण्यात मध्येच ओरडणं. पिवळ्या कपलरला तर हातही लावायचा नाही, ती एअरबॅगची वायर.

चोरांनीही ही भाषा शिकून घेतली आहे. इंग्लंडमध्ये इयन टेबर या सायबर सुरक्षा संशोधकाची टोयोटा २०२२ मध्ये चोरीला गेली. आधी कोणीतरी तिचा बंपर उचकटून हेडलाइटच्या वायरी ओढल्या होत्या. टेबरने आणि केन टिंडेल या तज्ज्ञाने छडा लावला, तेव्हा कळलं की चोर हेडलाइटच्या वायरीतून कॅनवर खोटा निरोप सोडतात, ‘किल्ली ओळखली, दार उघड’, आणि गाडी उघडते. टिंडेलने एप्रिल २०२३ मध्ये हे सविस्तर लिहिलं. ज्याने वायर गाठली त्याने गाडी गाठली, हे मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही.

पण मी त्या बाकड्यावर बसून विचार करत होते तो चोराचा नव्हता, आत अडकणाऱ्या माणसाचा होता.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं स्वतःच्या बंद गाड्यांतच गेली. पाणी चढलं, वीज गेली, काचा उतरेनात, दारं उघडेनात. गणित सोपं आहे. मीटरभर रुंद दाराला बाहेरून अर्धा मीटर पाणी लागलं आणि आत अजून शिरलेलं नसेल, तर दारावर सव्वाशे किलोचा रेटा असतो. लॉक उघडं असलं तरी दार ढकलणं कठीण. लॉक पडलेलं असेल तर पहिली मोलाची मिनिटं खुंटी शोधण्यात जातात. एआयएस-१४५ या मानकानुसार १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत सेंट्रल लॉक वीज गेल्यावरही हाताने उघडता यावं, अशी सक्ती आहे. आमच्यासारख्या जुन्या गाडीत बाजारातून आणून बसवलेल्या लॉकला असा कुठला कायदा विचारत नाही. तिथे कायदा म्हणजे बसवणाऱ्याचं बोट आणि सळईची रेषा.

मान्यता नाहीच असं नाही. कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था चोरीरोधक साधनं तपासून प्रमाणपत्र देते आणि तसं साधन असेल तर विम्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त पाचशे रुपये, सूट आपल्या मोटार टॅरिफमध्ये लिहिलेली होती. पाचशे रुपयांसाठी कोण प्रमाणपत्र मागणार? मी तरी मागितलं नव्हतं.

चार वाजता मिस्त्रींनी ती टेपमधली वायर सोडवली, खांबातल्या स्विचकडे नेली, डाग लावून जोडली, वर नळी चढवून आकसवली. दिवा लावून पाहिला. ड्रायव्हरचं दार उघडलं, युनिटला कळलं. डावीकडचं पुढचं उघडलं, कळलं. मागचं उघडलं आणि छतातला दिवा लागला नाही.

ते थांबले. दोन्ही मागची दारं उघडी टाकून त्यांनी खांब पाहिले. त्या जुन्या छोट्या गाडीला मागच्या दारांना स्विचच नव्हते. कंपनीनेच दिले नव्हते. म्हणजे त्या दुकानाने ती वायर शहाण्यासारखी जोडली असती, तरी सुरूरला काहीच फरक पडला नसता. मी पोरीला मागच्या दारानेच आत ठेवलं होतं.

“बाळाला कुठून ठेवलं म्हणालात?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हाताखालच्या पोराला शेजारच्या दुकानातून दोन पिन स्विच आणायला पिटाळलं, मागच्या दोन्ही खांबांना भोकं पाडली, भोकांच्या कडांना गंज धरू नये म्हणून रंग लावला आणि वाळेपर्यंत चहा सांगितला. शेवटी तीस सेकंदांची ती सोयच त्यांनी युनिटमधून बंद करून टाकली. मग स्विच कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, “पुढच्या मालकाला ती सोय चालू करावीशी वाटली तर?”

अंधार पडताना त्यांनी मला आत बसवलं, दारं लावली, बाहेरून किल्लीने लॉक केलं, मग बॅटरीचं टर्मिनल काढलं आणि काचेतून खूण केली. मी मागच्या सीटवरून करंगळीने खुंटी ओढली. ती आली.

पाडव्याला नवी गाडी घेणार असाल, किंवा जुनीला लॉक बसवून घेणार असाल, तर पेढे वाटायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवा, दारं लॉक करा, मग बॅटरी काढायला लावा आणि त्यांना हाताने बाहेर यायला सांगा.